हरपाळ आणि मैनेची साक्ष

एका राज्यात असा रिवाज होता की चाकर घर सोडून निघाला की धनी त्याच्या खांद्यावर एक मैना बसवी. ती नव्या दारी जाऊन सांगे, "माणूस इमानी आहे, ठेवून घ्या." मैनेवाचून आलेल्याला कोणी उंबरठ्याच्या आत घेत नसे.

हरपाळ घोड्यांचा चाकर. त्याचा पहिला धनी मांत्रिक होता. त्याने उडत्या घोड्याचे पंख कापायला सांगितले, तर हरपाळाने दावे सोडून घोडाच उडवून दिला. मांत्रिकाने शाप दिला, "यापुढे ज्याच्या दारी राबशील, तो वर्षाच्या आत तुला विसरेल." शापाबरोबर उःशाप द्यावाच लागतो. तो मात्र या कंजूष माणसाने मनातल्या मनात म्हटला.

तेव्हापासून हरपाळ दारोदार फिरला. राणी शीलावतीच्या तबेल्यात जागा आहे असे कळले, तेव्हा तो पुरता टेकीला आला होता. मैना कुठून आणणार? बिचाऱ्याने बाजारातून पोपट आणला, त्याला साक्ष पढवली आणि दरबारात जाऊन उभा राहिला.

पोपट म्हणाला, "माणूस इमानी आहे, ठेवून घ्या. आता पेरू दे."

दरबार हसला. राणी हसली नाही. "पक्षी राहू दे. तू सांग. किती धनी झाले?"

"तीन, महाराणी."

"पहिला का सुटला?"

"त्यांनी हाकलले. माझ्याने घोड्याचे पंख कापवेनात. शापही दिला, की पुढचा प्रत्येक धनी वर्षाच्या आत मला विसरेल."

"दुसरा?"

"सरदार होते. त्यांच्या घोडीचा मोडलेला पाय मी बरा केला. एके सकाळी मला पाहून म्हणाले, हा परका कोण? शिपायांनी बाहेर काढले."

"आणि तिसरा?"

"तिथून मीच पळालो. घरधनीण स्वतः पानावर वाढायची. वर्ष भरत आले होते. त्या माउलीने मला ओळखू नये, हे मला सोसले नसते. न सांगता निघालो. तो दोष माझा."

प्रधान म्हणाला, "महाराणी, साक्ष नाही."

"मला याचे खरे वाटते," राणी म्हणाली. "तबेला याच्या हाती द्या."

पक्ष्यावाचून कोणी विश्वास ठेवला की शाप सुटावा, असा तो उःशाप होता. शाप तिथल्या तिथे सुटला. गडगडाट वगैरे काही झाला नाही. हरपाळाचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," एवढेच तो बोलू शकला.

संध्याकाळी तो घोड्यांना पाणी दाखवत होता. एक दमलेली मैना आली, त्याच्या खांद्यावर बसली आणि त्या घरधनिणीच्या आवाजात म्हणाली, "हरपाळा, न जेवता का गेलास रे?"

हरपाळ घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. प्रधान धावत राणीकडे गेला. "महाराणी, साक्ष आली."

राणी म्हणाली, "तिला दाणे घाला. आणि हरपाळाला सांगा, उद्या जाऊन जेवून ये. जागा कुठे जात नाही."

हरपाळ गेला, पोटभर जेवला आणि परत आला. त्याला जसे ऐकून घेणारे भेटले, तसे तुम्हाआम्हालाही भेटो.