येसबा लोणाऱ्याची कोरी बोटं

ह्याला किती वर्षं झाली हे निमगावात कुणालाच धड सांगता येत नाही. गावाच्या नदीला तेव्हा बाराही महिने पाणी असे आणि गावाबाहेर चुन्याची भट्टी धगधगत असे, एवढंच जुनी माणसं सांगतात. त्या भट्टीवर येसबा लोणारी राहायचा. चुना भाजायचा, कोळसा पाडायचा आणि गावच्या पोरांना बुद्धिबळ शिकवायचा.

लोणाऱ्याला बुद्धिबळ कुठून आलं, हे मला विचारू नका. भट्टी राखत बसलेला माणूस एकतर वेडा होतो नाहीतर शहाणा, असं येसबाच सांगायचा. त्याच्या सोंगट्याही भट्टीवरच्याच. पांढऱ्या चुनखडीच्या, काळ्या बाभळीच्या कोळशाच्या. हात लावला की बोटाला डाग पडलाच म्हणून समजा.

म्हणून त्याचा नियम होता. पटाशेजारी पाण्याची परात ठेवायची. चाल झाली की बोटं धुवायची आणि पाळी येईपर्यंत हात मांडीवर. ज्या सोंगटीला हात लागला ती चालवायचीच. कुणी हात लावून मागं घेतला तर पोरं एका सुरात ओरडायची, "बोटं दाखव!" डाग दिसला की सुटका नाही. येसबा म्हणायचा, "पोरांनो, इथं हात मागं घ्यायला शिकलात, तर उद्या दिलेला शब्दही मागं घ्याल." त्याच्या हाताखालून गेलेली पोरं बांध कोरत नाहीत, पंचांपुढं साक्ष फिरवत नाहीत, असं म्हणतात. आसपासची गावंही हे मानायची.

येसबाला मात्र कधी कुणी हरवलं नव्हतं. तेच नडलं.

राघू तेल्याची म्हाळसा बारा वर्षांची. घाण्याच्या बैलामागं फिरता फिरता मनातल्या मनात डाव मांडायची. एका वर्षी जत्रेत गुरू आणि चेलीचा डाव ठरला. सात गावची माणसं भोवती जमली. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी हलेना. येसबानं काळ्या हत्तीवर तीन बोटं टेकवली आणि त्याच दमात त्याला दिसलं, की हत्ती हलला तर राजा उघडा पडतो. पुढच्या दोन चालींत मात.

त्यानं हात काढला. गुपचूप परातीत बुडवला.

"काका, हत्तीला हात लागला तुमचा," म्हाळसा म्हणाली.

येसबानं बोटं वर केली. स्वच्छ, ओली बोटं. "बघा की मंडळी. आहे का डाग?"

मोठी माणसं पटाकडं कमी आणि पोरीच्या तोंडाकडं जास्त बघत होती, त्यांना काय दिसणार? पुढं बसलेल्या पोरांना दिसलं होतं. पण गुरूविरुद्ध एकही पोर बोललं नाही. राघू तेल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पोरीला मानेला धरून येसबाच्या पायाशी नाक घासायला लावलं. आणि येसबानं काय करावं? तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "असू दे, पोर आहे." सांगतानासुद्धा माझी मान खाली जाते.

डाव येसबानं जिंकला. गावात मात्र म्हाळसाला 'लबाड' हे नाव पडलं. कुणाची वाटी हरवली की लोक आधी तेल्याच्या घरात शोधायचे. पाणवठ्यावर ती आली की बोलणं थांबायचं.

आणि दुसऱ्या दिवसापासून येसबाच्या त्या तीन बोटांना डाग लागेना, असं म्हणतात. कोळशात कोपरापर्यंत हात घातला, की सगळा हात काळाकुट्ट आणि तीन बोटं कोरी. चुन्यात घातला तरी तेच. लोणाऱ्याची कोरी बोटं! तो ती मुठीत लपवायचा, फडक्यात गुंडाळायचा, भाकरीसुद्धा पाठ करून खायचा. तरी तोंड उघडून एक वाक्य बोलवत नव्हतं. माणसाला आपली अब्रू किती प्यारी असते, बघा.

मग एक दिवस गुरवाची सहा वर्षांची सगुणा खेळत होती. तिनं घोड्याला हात लावला, विचार बदलला, बोटं परातीत बुडवली आणि वर करून दाखवली. चेहरा अगदी निर्मळ. एकही पोर ओरडलं नाही.

"हे कुठं शिकलीस गं?" येसबानं विचारलं.

"तुमच्याकडनं," ती म्हणाली.

धरणी दुभंगावी असं त्याला झालं. पण ती काही दुभंगली नाही. उठून तो तडक तेल्याच्या दारात गेला. म्हाळसा घाण्यापाशीच होती.

"पोरी, तो डाव त्या हत्तीपासून परत खेळू."

"मला खेळायचं न्हाई," ती बैल न थांबवता म्हणाली. "मी खोटी नव्हते, एवढं चार माणसांत म्हणा. माझं नाक घासलं तिथंच म्हणा."

सातही गावांत दवंडी फिरली. येसबा सगळ्यांपुढं उभा राहिला. त्यानं बोटांवरचं फडकं सोडलं. तो म्हणाला, "हात लागला होता. मी बोटं धुतली. पोर खरी होती, मी लबाड." आणि त्याच जागी त्यानं म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसून नाक घासलं. राघू तेली मान वर करीना. तोच कशाला, सात गावांत कुणाचीच मान वर होईना.

मग म्हाळसा आपणहून पटावर येऊन बसली. येसबानं डाव होता तसा मांडला, हत्तीला हात लावला आणि हत्तीच चालवला. दोन चालींत मात झाली. त्याची बोटं जी काळी झाली ती मरेपर्यंत धुतली गेली नाहीत, असं म्हणतात. म्हाळसानं त्याला माफ केलं की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. येसबा शिकवत राहिला. मात्र नव्या पोराला पहिल्या दिवशी राजा-वजीर दाखवण्याआधी तो आपली ही गोष्ट सांगायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला तेवढीच लाज वाटायची.

आज भट्टीचा नुसता उंचवटा उरलाय. पण निमगावात जो कुणी शिकवायला येतो, मग तो बुद्धिबळ शिकवो की गणित, त्यानं पहिल्या दिवशी पोरांना आपली एक चूक सांगायची. ह्याला येसबाचा धडा म्हणतात. गेल्या साली एक तरुण मास्तर आले. "हा काय पोरखेळ?" म्हणाले. पोरं दोन दिवस पुस्तकं मिटून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मास्तर खाली बघत म्हणाले, "दहावीत नक्कल मी केली होती. पकडला गेला शेजारचा. मी बोललो नाही. त्याचं वर्ष गेलं."

मग पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "मग सर, आधी त्यांच्याकडं जाऊन या की."

मास्तरांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला. कारण लिहिलं, येसबाचा धडा. हेडमास्तरांनी काही न विचारता सही केली.