पुठ्ठ्यावरची सही

तांब्याचे पैसे काडतुसं व्हायला गेले होते, त्या लढाईच्या काळची ही गोष्ट. सुट्टे कुठे मिळेनात, म्हणून एका गिरणीने पगारात पुठ्ठ्याची टोकनं वाटली. टोकन दिलं की गिरणीच्या कँटीनमध्ये एक कप चहा मिळे. शिवाय त्यावर छापलं होतं, 'लढाई संपताच रोख मिळेल.'

त्यातलं एक टोकन ठकूबाईच्या कनवटीला जाऊन बसलं. ठकूबाई दिवसभर उभ्याने सूत गुंडाळायची. दुपारी पाय भरून आले की तिचा हात कनवटीकडे जाई.

"चहात काय उडवतेस मला?" टोकन फणकारे. "माझ्यावर शेठजींची सही आहे. थांब की जरा!"

ठकूबाईला ते पटे. ती नळाचं पाणी पिऊन कामाला लागे. असं करत तिने डबाभर टोकनं साठवली.

लढाई संपल्यावर ती डबा घेऊन गिरणीच्या खिडकीशी गेली. कारकुनाने मान वर न करताच सांगितलं, "रोख घ्यायची मुदत गेल्या महिन्यात संपली, बाई. इंग्रजीत नोटीस लावली होती की. आता कँटीनही घेणार नाही."

"शेठजींना विचारा!" टोकन ओरडलं. "त्यांनी सही केलीय माझ्यावर!"

"केली नाही, छापलीय," कारकून म्हणाला. "त्यांनी तुला कधी बघितलंसुद्धा नाही."

घरी येऊन ठकूबाईने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि डबा चुलीत रिकामा केला. सहीचा तोरा मिरवणारं ते टोकन सगळ्यांत शेवटी पेटलं.

डबाभर टोकनं जळाली, पण कपभर पाण्याला उकळी फुटली नाही.