म्हसू डाकवाल्याचं कार्ड

लई वर्सं झाली त्येला. आमच्या बोरखिंडीला तवा मोटारीचा रस्ता नव्हता. डाक यायची म्हसूच्या पाठीवर. काठीला घुंगरं बांधून म्हसू खिंडीतनं पळत यायचा. त्येची घुंगरं ऐकली की वाघ बी वाट सोडायचा, असं म्हणत्यात.

म्हसूला आगंमागं कोण नव्हतं. गाव त्येला भाकरी द्यायचं, पर वसरीवर बसवायचं न्हाई. का? तर मरणाची कार्डं त्योच आणायचा. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडल्याला असतो. असलं कार्ड कोण घरात न्हेत नव्हतं. येशीवरच वाचायचं, फाडायचं, वढ्यात सोडायचं, आन् डोक्यावरनं पाणी घिऊन मगच उंबरा वलांडायचा. कार्डासंगं अशी किती माणसं वाहून गेली, कुणाला नावं बी ठावं न्हाईत.

एकदा ठकूबाईला कार्ड आलं. तिचा ल्योक हैबती लढाईवर गेल्याला. कोपरा फाटल्याला, आन् संगं दोऱ्यानं बांधल्याला हैबतीचा पलटणीतला फोटू. रावजी पाटलानं वाचलं आन् फाडाय लागला. ठकूबाईनं त्येचा हात धरला.

"फाडू नगा, दादा! लेकराचं तोंड तेवढंच उरलंय मला."

"मरण घरात न्हेतीस व्हय गं? समदं गाव खाईल ते!"

म्हसूनं झडप घातली आन् कार्ड, फोटू दोन्ही हिसकावलं. "मी ठिवतो. मला घरच न्हाई, मरण शिरंल कुठं?"

तवापासनं अशी समदी कार्डं त्यो येशीभाईरच्या वडाच्या ढोलीत ठिवायचा. ठकूबाई रोज जायची, फोटू बघायची, परत ठिवायची. वारं नसलं तरी ढोलीतनं कुजबुज यायची, असं म्हणत्यात.

मग मानमोडीची साथ आली. सकाळी ताप भरला की सांजला माणूस गार. गाव पिसाळलं. रावजी म्हणला, "ह्या म्हस्यानं वडात मरण साठवलंय!" लोकांनी दगडं उचलली. मारत मारत म्हसूला खिंडीकडं हाकललं. रगात गळत हुतं, तरी त्यो एकदा मागं वळला.

"पाटील, मी मेलो तर माझं कार्ड कुणाला यायचं?"

रावजी हसला. "तुझ्या नावानं कोण अंघूळ करणार हाय रं?"

दुसऱ्या दिशी भर दुपारी गाव पलिता घिऊन वडाखाली आलं. ठकूबाई ढोलीला पाठ लावून हुबी. "आदी मला जाळा, मग माझ्या हैबतीला." रावजीनं तिला वढायला हात घातला, आन् खिंडीत घुंगरं वाजली.

म्हसू पळत आला. पाय भुईला लागत हुतं, पर धुरळा उडत नव्हता. येशीभाईर थांबला, रावजीच्या हातात कार्ड दिलं. कोपरा फाटल्याला. रावजीनं ते मोठ्यानं वाचलं.

"बोरखिंड गावास कळावे. तुमचा म्हसू काल खिंडीत वारला."

लोकांनी मान वर केली तर म्हसू न्हाई. वडाला काठी टेकल्याली, घुंगरं अजून थरथरत हुती. आन् पलिता आपोआप इझला, असं म्हणत्यात. गडी खिंडीत पळालं. म्हसू तिथं पडला हुता, कालचाच गार झाल्याला. डोस्क्याला आमच्याच गावच्या दगडाची खोक. अक्षर कुणाचं, कुणाला ठावं न्हाई. म्हसूला तर लिवता बी येत नव्हतं.

रावजीनं ते कार्ड फाडलं न्हाई. पटक्यासकट पयला वढ्यात त्यो उतरला. मागनं समदं गाव.

आज ती कार्डं देवळात पत्र्याच्या पेटीत हायती. हैबतीचा फोटू बी हाय, पिवळा पडल्याला. आता मरणाची खबर फोनवर येती, तरी आमी कार्ड लिवतो, कोपरा फाडतो, पेटीत ठिवतो. पौषातल्या अवसेला भर दुपारी येशीवर समदी कार्डं मोठ्यानं वाचत्यात. म्हसूचं शेवटी. वारं असू दे नसू दे, तवा घुंगरं वाजत्यात. ज्येला खोटं वाटतंय त्येनं येऊन हुबं ऱ्हावं, मग त्वांड उचलावं.

दर साली एखादी नवी सून इचारती, "म्हसू आपला कोण लागतो, आत्याबाई?"

सासू म्हणती, "आपला मेल्याला माणूस हाय, बाय. चल वढ्याला, डोक्यावरनं पाणी घे."