वरचं नाव

"बाबा, मागच्या तारखेपासून भाडं मिळेल का?"

बशीरबाबांनी चष्मा पुसला. दर्ग्याच्या ओट्यावर बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत, पैसे घेत नसत. माझा थोरला भाऊ तुळशीराम त्यांना गुरू मानायचा. मी कधी तिकडे फिरकलो नव्हतो. दादाचं तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी गेलो.

रस्त्यासाठी आमचं घर पाडलं होतं. नवं मिळेपर्यंत पालिका खोलीचं भाडं देणार होती, पण अर्जावर दोघा भावांच्या सह्या हव्या होत्या. दादाने अर्ज आणला. त्याचं नाव वर, माझं खाली.

"मी काय तुझा गडी आहे?" म्हणून मी तो भिरकावला. सात महिने त्याच्याशी बोललो नाही. तो दम्याच्या औषधात काटछाट करून भाडं भरत राहिला.

आता खोलीवाला वहिनीला बाहेर काढायला निघाला होता.

"उशीर का झाला, ते लिहावं लागतं," बाबा म्हणाले. "कारण पटलं तर मागचं देतात."

"लिहा, दादा आजारी होता. चालवत नव्हतं."

"तीनदा हा ओटा चढून आला की तो."

मी तापलो. "तुमचं काय जातंय लिहायला? तो येतोय का आता सांगायला?"



बाबांनी चटईखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या पुढ्यात उलगडला.

मला वाचायला वेळ लागतो. पण माझं नाव मी ओळखतो. ते वर होतं. दादाचं खाली. त्याखाली त्याची सही, आणि तारीख... भांडणानंतर चौथ्या दिवसाची.

"हे मला का नाही दिलंत?"

"तो म्हणाला, बोलावू नका. भिवाला कमीपणा वाटेल. आपण होऊन येईल."

"तुम्ही तरी, बाबा..."

"मीही वाट बघत बसलो. माझंही चुकलं."

पायरीवर एक बकरी चादरीची पडलेली फुलं खात होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो.

"कारण लिहा," मी शेवटी म्हणालो. "धाकट्याने सही केली नाही."

"साहेबाला हे पटेलच असं नाही."

"नाही पटलं तर हमाली करून भाडं मी भरीन. वहिनीला तसं सांगतो. हेही सांगतो."

बाबांनी लिहिलं. पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली आणि तारखेपाशी अडलो.

"बाबा... दादाचीच तारीख घालू? म्हणजे त्याच दिवशी आलो होतो, असं..."

त्यांनी माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

"ती त्याने घातली आहे, बेटा. तू आजची घाल."