आवडीच्या शिंपल्यांचा बांध

निवेखोलच्या खाडीत ओहोटी लागली की पाण्यातून एक खडबडीत, करडा बांध वर येतो. तो दगडांचा नाही, कालवांच्या शिंपल्यांचा आहे. इथे कालवं खाल्ली की शिंपले उकिरड्यावर जात नाहीत, खाडीत परत जातात. पाहुण्यांनी कारण विचारलं, की म्हातारा हिरोजी तांडेल आधी त्यांच्या ताटांतले शिंपले पाटीत भरून घेतो आणि मग सांगायला बसतो.

फार मागे, असे सांगतात, पलीकडच्या टेकडीवर किल्ला उठत होता. त्याला चुना हवा होता, आणि शिंपले भाजले की चुना होतो. गावाने आधी रिकामे शिंपले भट्टीवर नेले, मग खडकांवरचे जुने थरही पहारींनी खरवडले. पाटीमागे भात मिळत होतं, मग थांबतो कोण! पाट्या वाहणाऱ्या बायकांत आवडी सगळ्यांत पुढे असायची.

कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं आणि जुना शिंपला सापडला तरच त्याला चिकटून वाढतं. हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खाडीतली कालवं संपली, शिंपले संपले, भातही बंद झालं. त्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला आणि चुली थंड. आवडीची लेक उपासमारीने गेली.

आवडी रडली नाही. उठायची, पाणी भरायची, चूल सारवायची आणि बसून राहायची. तिला काही वाटतच नव्हतं.

लेकीच्या भातुकलीची शिंपल्यांची टोपली तेवढी घरात उरली होती.

"दी गो ते," नवरा राणबा म्हणाला. "भट्टीर पसाभर भात तरी मिळात."

"ते माझ्या चेडवाचे."

पण घरात ते बघवतही नव्हते. लेक तिची वाट बघत जिथे उभी राहायची, तिथे खाडीत उतरून आवडी ते मांडून आली.

वर्षभराने राणबाने त्यातला एक उचलून पाहिला. त्यावर नखाएवढी कालवं चिकटली होती. बाकी सगळी खाडी उघडीबोडकी. त्याने कोयती काढली.

"काढू नको. ऱ्हवांदे," आवडी म्हणाली. मग ती घरोघर गेली आणि अंगणात, पायरीत, जोत्यात उरलेसुरले शिंपले मागून आणले. तिला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बांध वाढला, कालवं परतली. आवडीने मात्र त्यातलं एकही तोंडात घातलं नाही.

आजही शिंपले ठेवताना निवेखोलात कुणी बोलत नाही. बांधाला आवडीचं नाव आहे. पाहुणे मुलीचं नाव विचारतात, पण ते हिरोजीला ठाऊक नाही. आवडीने ते पुन्हा कधी घेतलंच नाही, म्हणे.