चार सुती पाना

रॉकेटं अजून इंचांत मापली जायची, तेव्हा एका कारखान्यात अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती पाना होता. पुढे सगळी मापं मिलिमीटरची झाली. त्याचे भाऊ भंगारात गेले. फिटर सगुणाबाईंनी हा तेवढा खणात ठेवला.

एकदा न राहवून तो नव्या बोल्टला म्हणाला, "मला आवळू दे की रे."

"नको काका. तुम्ही मला जरासे ढिले होता. माझे कोपरे झिजतील, मी सैल राहीन आणि यान वाटेतच फुटेल. आपलं सूत जुळायचं नाही."

मग पान्याने सगुणाबाईंना विचारलं, "आपण पहिल्या उपग्रहाला आवळलेला बोल्ट कसा आहे हो?"

"वर फिरतोय अजून. तसूभरही सैल झाला नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुला कुणी बोलावत नाही."