एक दात पुढं

“...मग खुणा जुळल्यावरच इंजिन मरतं कसं?”

परीक्षित नाईकनवरेनं पाना जमिनीवर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा टाकला.

बाबालाल मिस्त्री बाकड्यावर बसून बोटांचं ग्रीस चिंधीला पुसत होते.

समोर तो जुना विलायती ट्रक उभा होता. इंजिन ड्रायव्हरच्या पायाखाली आडवं पसरलेलं. असली इंजिनं अजमावण्यापुरती थोडीच निघाली, पुढं कुणी त्या वाटेला गेलं नाही. याला हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नाही. एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, समोरासमोर. दोघं दोन्हीकडून धावत येतात, मध्ये डिझेल पेटतं, दोघं मागं फेकले जातात. एक पिस्टन सरकला की धूर बाहेर जायची भोकं उघडतात. दुसरा सरकला की हवा आत यायची.

ट्रक परीक्षितच्या वडिलांचा, त्याच्या अण्णांचा, म्हणजे जयसिंगरावांचा. अठरा वर्षं तो मळ्यात ताडपत्रीखाली होता. माघात जयसिंगराव गेले.

परदेशात दोन वर्षं इंजिनांवरच शिकून आलेला परीक्षित चार महिने मिस्त्रींच्या हाताखाली राबला. प्रत्येक नट त्यानं स्वतः धुतला होता. आज गुरुवार. शनिवारी पुण्याचे फिटर येणार होते. तोवर हे इंजिन चाललं नाही, तर ते काढून साधं डिझेल इंजिन बसवायचं आणि हे भट्टीत द्यायचं, असं घरात ठरलं होतं.

ट्रक राहिला असता. त्याचा आवाज गेला असता. त्या आवाजावरून यवतेश्वरचा अख्खा घाट जयसिंगरावांना ओळखायचा.

“चाचा, मी विचारतोय.”

“ऐकतोय मी.”

“धुराच्या पिस्टनचं दातेरी चाक एक दात पुढं बसवलेलं होतं. कुणाची तरी चूक. मी चाकांवरच्या खुणेला खूण लावली. आता दोन्ही पिस्टन एकदम मध्यात येतात, एकदम मागं जातात. केसाचा फरक नाही.”

“चूक कुणाची म्हणालास?”

चाळीस वर्षांपूर्वी ते चाक कुणी बसवलं होतं हे परीक्षितला ठाऊक होतं.

“...तुमची,” तो शेवटी म्हणाला.

मिस्त्री हसले. “मार बघू स्टार्टर.”

इंजिन पेटलं. दहा-बारा ठोके पडले. मग काळा धूर उलटा हवेच्या पाइपातून आला, इंजिन घुसमटलं आणि गप्प झालं. सकाळपासून पाचव्यांदा.

“चल,” मिस्त्री उठले.

“कुठं?”

“चहाला.”

“चाचा, परवा शनिवार आहे!”

“म्हणूनच.”

एसटी स्टँड रस्त्यापलीकडंच. मिस्त्रींनी फलाटासमोरचं बाकडं धरलं आणि दोन चहा सांगितले.

मेढ्याची गाडी लागली. ती थांबायच्या आत माणसं दाराला चिकटली. कुणी खिडकीतून टॉवेल टाकला, कुणी पिशवी. आतली उतरेनात, बाहेरची चढेनात. दारात एक म्हातारी आणि तिची कोंबडी दोन्ही बाजूंनी दाबली जात होती.

“अगं आई गं, कोंबडी मेली माझी!”

“मावशे, तू सरक की मागं!”

“मागं कुठं सरकू? मागं अख्खा जावळी तालुका हाय!”

कंडक्टर आतूनच ओरडत होता. गाडी उभीच.

“चाचा, मी जातो. काम आहे.”

“चहा गरम आहे.”

वाईची गाडी आली. तेच. कुणाची तरी चप्पल फलाटावर राहिली.

“हे काय बघायचं?” परीक्षित चिडला.

मिस्त्री बशीत चहा ओतून फुंकर घालत राहिले.

मग कोरेगावची गाडी आली. तिची कंडक्टर एक ठेंगणीशी बाई होती. ती आधी खाली उतरली आणि दारात हात आडवा लावून उभी राहिली.

“आधी उतरू द्या! आतली बाहेर येईनात, तर तुम्ही बसणार कुठं? माझ्या डोक्यावर?”

माणसं थबकली. आतली भराभर उतरली. शेवटचा पायरीवर असतानाच तिनं हात काढला. बाहेरची चढली. डबल बेल. गाडी गेलीसुद्धा.

फलाट रिकामा झाला.

परीक्षितचा ग्लास ओठांपाशीच राहिला होता.

“...धूर आधी,” तो पुटपुटला.

मिस्त्री बशी पुसत होते.

“भोकं एकदम उघडली तर आतला धूर हवेच्या अंगावर येतो. धुराचं दार आधी उघडायला हवं. जरासंच आधी. चाचा... ती चूक नव्हती!”

“तुझ्या बापानं पण खुणा जुळवल्या होत्या,” मिस्त्री म्हणाले. “मीच आणलं त्याला इथं. तो पहिल्याच गाडीला उठला. तू तिसऱ्या. शिकलेला माणूस, वेळ लागायचाच.”

परीक्षित पळत रस्ता ओलांडून गेला. चहा तसाच राहिला. तो मिस्त्रींनी प्यायला.

शुक्रवारी दुपारी चाक एक दात पुढं सरकवून बसवलं. परीक्षितनं स्टार्टर मारला.

काळा धूर. मग निळा. मग धूरच नाही. आणि मग तो आवाज. गुरगुर नव्हे, हलगीचा कडकडाट. शेजारच्या गॅरेजातली माणसं हातातली हत्यारं तशीच घेऊन रस्त्यावर आली. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ट्रकच्या नाकावर नारळ फोडला.

“घाट,” मिस्त्री शेजारी चढून बसत म्हणाले.

यवतेश्वरच्या पहिल्या वळणाला परीक्षित बिचकत वळला. दुसऱ्याला सरावला. तिसऱ्या वळणावर त्यानं एक गिअर खाली टाकला, आणि कडकडाट कड्यावर आपटून दुप्पट होऊन परत आला. खाली सातारा लहान होत गेला. पुढं दम लागलेली एक नवी कोरी मोटार होती. जुना ट्रक भोंगा वाजवत तिच्या बाजूनं निघून गेला.

मिस्त्री खिडकीतून हात काढून मोटारवाल्याला सलाम करत होते.

माथ्यावर, चहाच्या टपरीतून एक म्हातारा हात पुसत धावत बाहेर आला. डोळ्यांवर तळवा धरून तो ओरडला, “जयसिंगराव आले काय?”

परीक्षितनं ब्रेक दाबला. ट्रक उभा राहिला. इंजिन चालूच होतं.



“चाचा... अण्णा आज हवे होते. सहा महिने. फक्त सहा महिने आणखी राहिले असते...”

मिस्त्रींनी तळवा समोरच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा धडधडत होता.

“एक दात पुढं गेलाय तो,” ते म्हणाले. “गाडी बंद करू नको.”